घरचा स्टिरिओ: प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

या वेळी पत्रांसोबत सेटअपचे फोटोही भरपूर आले. यंत्रं बहुतेकांनी विचारपूर्वक निवडलीत. स्पीकर मात्र जिथे जागा उरली तिथे जाऊन बसलेत. म्हणून पहिलं उत्तर जरा ऐसपैस दिलं आहे. तशाच तक्रारी आणखी काही पत्रांत आहेत, त्यांनीही ते आपलंच समजावं.

प्रश्न: हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. टीव्ही युनिटच्या कप्प्यांत ५ इंची वूफरचे (खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या कोनाचे) बुकशेल्फ स्पीकर, यामाहाचा ए-एस ३०१ अ‍ॅम्प्लिफायर आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. शास्त्रीय गाणं लावलं की डग्गा नुसता घुमत राहतो, बोल एकमेकांत मिसळतात आणि गायकाचा आवाज दबका येतो. सबवूफर घ्यावा की अ‍ॅम्प बदलावा? (डोंबिवली)

उत्तर: दोन्ही नको. अ‍ॅम्प चांगला आहे. सबवूफर आणलात, तर आत्ता जे घुमतंय ते आणखी घुमेल.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनसंख्यांचा आवाज अडकतो आणि फुगतो. त्यातली सर्वांत खालची कंपनसंख्या काढणं सोपं आहे: आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटर, घ्यायचा आणि भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. १४ फुटांच्या लांबीला ४० हर्ट्झ येतात, १० फुटांच्या रुंदीला ५६ आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९. म्हणजे तुमच्या खोलीची रुंदी आणि उंची जवळपास एकाच ठिकाणी जोर लावतात. लांबीचा दुसरा जोर ८० हर्ट्झला येतो. डग्ग्याचा घुमार याच टापूतला. शिवाय हा फुगवटा भिंतीलगत सर्वांत जास्त असतो आणि तुमचं डोकं नेमकं तिथेच आहे.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. सोफा भिंतीपासून पुढे ओढा. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे मागच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर बसणं उत्तम. पण राहत्या घरात ते जमत नाही हे मान्य. दीड-दोन फूट तरी पुढे घ्या. गाणं ऐकण्यापुरता सरकवला आणि नंतर मागे ढकलला तरी चालेल. फरक पहिल्याच ठेक्याला कळेल.

दुसरं, स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा. लाकडी कप्पा स्वतः पेटीसारखा वाजतो, आणि स्पीकरच्या मागचं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, फळीच्या तोंडाशी आलं की खालचा आवाज लडबडतो. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. सोफ्यावर बसल्यावर ती जमिनीपासून ९५ ते १०० सेंटीमीटर भरते. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरना त्यासाठी २४ इंची स्टँड लागतो. ग्रिल बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून तो करून घेता येतो: २ किंवा ३ इंची चौकोनी पाइप, खाली ६ मिलीमीटर जाडीची लोखंडी प्लेट, वर स्पीकरच्या बुडापेक्षा किंचित लहान प्लेट. पाइपमध्ये कोरडी, चाळलेली वाळू भरा, म्हणजे तो वाजणार नाही. वाळू ओलसर असेल तर पाइप आतून गंजतो, म्हणून आधी उन्हात चांगली वाळवा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर अणकुचीदार स्पाइक लावू नका, जाड रबराचे पाय लावा.

मांडणी अशी: १० फुटांच्या भिंतीसमोर दोन्ही स्पीकर मधोमध धरून साडेपाच फूट अंतरावर, पाठ भिंतीपासून निदान एक फूट दूर. तुमची बैठक दोन्हींपासून सारख्याच अंतरावर, सहा-सात फुटांवर. वूफरपासून मागच्या भिंतीचं, बाजूच्या भिंतीचं आणि जमिनीचं अंतर एकसारखं होऊ देऊ नका. भिंतीवरून परतलेला आवाज एका विशिष्ट कंपनसंख्येला मूळ आवाज खाऊन टाकतो. वूफर भिंतीपासून ७० सेंटीमीटरवर असेल तर ती जागा १२० हर्ट्झच्या आसपास येते. तिन्ही अंतरं सारखी झाली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात आणि पुरुषी आवाजातला खर्ज गायब होतो.

तिसरं, भिंती. तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकरचं ट्वीटर दिसलं की त्या जागी खडूची खूण करा. तिथून पहिलं प्रतिबिंब येतं. पुस्तकांचं भरलेलं कपाट त्या जागी आलं तर काम झालं. नाहीतर २ बाय ४ फुटांचं पॅनेल करा: लाकडी चौकटीत ४८ किलो घनतेचं २ इंची रॉकवूल, मागे आणखी २ इंचांची पोकळी, वरून सुती कापड किंवा गोणपाट. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घालाच. अंड्यांचे ट्रे, इंचभर जाडीचा फोम आणि जमिनीवरची पातळ सतरंजी यांनी फक्त वरच्या पट्टीतली चमक जाते, डग्ग्याला काहीही होत नाही.

एवढं केल्यावर तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा. जव्हारी स्वच्छ, तारेतारेनिशी ऐकू आली पाहिजे, आणि गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेला वाटला पाहिजे. तो मध्ये न येता दोन्हीकडे पसरला आणि खालचा आवाज पातळ झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. शंका राहिली तर दोन्ही वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टर्मिनलना क्षणभर लावा. सेलचं धन टोक लाल टर्मिनलवर असताना वूफर बाहेर उसळायला हवा.

प्रश्न: स्पीकरच्या वायरीसाठी दुकानदार स्पीकरइतकीच किंमत सांगतो. फरक पडतो का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: जाडीने पडतो, किमतीने नाही. घरातल्या वायरिंगची १.५ चौरस मिलीमीटरची लवचीक तांब्याची वायर घ्या. तिचा रोध मीटरला ०.०१३ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत कानाला काही कळत नाही. ४ ओहमचा स्पीकर असेल किंवा अंतर मोठं असेल तर २.५ चौरस मिलीमीटर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिचा रोध जास्त असतो, ती टाळा. टोकं सोलल्यावर तारा पीळ देऊन घट्ट करा. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागली तर अ‍ॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

प्रश्न: टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके २ घेतला आणि त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम ९५ ई कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवलं. अ‍ॅम्पच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) जोडल्यावर आवाज अगदी बारीक आणि चरचरीत येतो. शिवाय आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत. त्या याच सुईने वाजवू का? (सांगली)

उत्तर: तुमच्या कार्ट्रिजमधून साधारण ४ मिलीव्होल्ट बाहेर पडतात, सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. पाचशे पटींचा फरक आहे. शिवाय एलपी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, नाहीतर खर्जाची खाच शेजारच्या खाचेत घुसली असती. वाजवताना याच्या नेमकं उलट करावं लागतं: २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर आणि २० किलोहर्ट्झला तेवढंच खाली. हे काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. अ‍ॅम्पच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तर तिथे जोडा. नसेल तर मूव्हिंग मॅग्नेटसाठीचा (तुमचं कार्ट्रिज त्याच जातीचं), ४७ किलोओहम इनपुटचा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प घ्या आणि तो ऑक्सला लावा. दोन्ही एकामागोमाग लावू नका, आवाज फाटतो.

कार्ट्रिज कुणी बसवून दिलं असेल तरी एकदा स्वतः तपासा. या टेक्निक्सवर सुईच्या टोकापासून हेडशेलच्या (कार्ट्रिज बसतं त्या टोपीच्या) बुडाच्या रबरी रिंगपर्यंत ५२ मिलीमीटर भरले पाहिजेत. मग अँटी-स्केटिंग (आर्मला आत ओढलं जाण्यापासून रोखणारा ताण) शून्यावर आणून मागचं वजन फिरवत आर्म हवेत सपाट तरंगेल असा करा, वजनावरची आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि २ ग्रॅमवर फिरवा. अँटी-स्केटिंगही २ वर. रिंगवरच्या आकड्यावर विसंबू नका, सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. वजन कमी ठेवलं की तबकडी वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तिच्या भिंती खरवडते.

आता ७८. याच सुईने अजिबात नको. एलपीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते, ७८ला ७६ मायक्रॉनची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. तिथे शंभर वर्षांचा कचरा असतो, सूर नसतो. सुईही लवकर मरते. व्हीएम ९५ मालिकेत ७८साठीची वेगळी सुई मिळते आणि ती तुमच्याच कार्ट्रिजच्या अंगावर बसते. वजन मात्र तिच्या कागदावर दिलेलं ठेवा, ते एलपीपेक्षा बरंच जास्त असतं.

अडचण दुसरीच आहे. तुमच्या टर्नटेबलला ७८चा वेग नाही. एकतर तो वेग असलेलं दुसरं टर्नटेबल घ्या. किंवा तबकडी ४५वर वाजवून संगणकावर मुद्रित करा आणि ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये १.७३३ पट वेगवान करा. दुसऱ्या पद्धतीत फोनो प्रीअ‍ॅम्पने केलेली स्वरांची दुरुस्ती चुकीच्या जागी सरकते, म्हणून बास-ट्रेबल कानाने जुळवावे लागतात. ते तसेही लागतातच, कारण त्या काळी प्रत्येक कंपनीचं कोरण्याचं माप निराळं होतं. अ‍ॅम्पवर ‘मोनो’ बटण असेल तर दाबून ठेवा. ७८च्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतली खरखर मोनो केल्यावर आपोआप वजा होते. आणि या तबकड्या जुन्या ग्रामोफोनवर पोलादी पिनने कौतुकापोटी वाजवू नका. पिन धरणाऱ्या साउंडबॉक्सचं शंभरेक ग्रॅमचं ओझं प्रत्येक वेळी थोडं गाणं घेऊन जातं.

प्रश्न: अ‍ॅम्प, टर्नटेबल, डिश टीव्हीचा बॉक्स आणि लॅपटॉप जोडला की सतत हम्म असा आवाज येतो. एका मेकॅनिकने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितली. (नाशिक)

उत्तर: ती पिन काढू नका. अ‍ॅम्पच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर तीच पिन तुमचा जीव वाचवते.

हम शोधायचा तो एकेक वायर काढत. आधी आवाज शून्यावर आणा. तरीही हम येत असेल तर दोष अ‍ॅम्पमध्येच आहे, बहुधा फिल्टर कपॅसिटर सुकलेत. शून्यावर जात असेल तर मागच्या सगळ्या आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या) वायरी काढा आणि एकेक परत लावा. ज्या वायरीसरशी हम परतेल तिथे चोर आहे. फक्त फोनोवर येत असेल तर टर्नटेबलची बारीक हिरवी किंवा काळी ग्राउंड वायर अ‍ॅम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट लावली आहे का पाहा. लॅपटॉपमुळे असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम गेला तर लाइनच्या पातळीला बसणारा ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लूप आयसोलेटर मध्ये घाला. हा आयसोलेटर फोनोच्या वायरीत घालू नका, तिथला सिग्नल फार नाजूक असतो.

डिशचा बॉक्स हा नेहमीचा गुन्हेगार. गच्चीवरून येणारी केबल आपल्याबरोबर वेगळंच अर्थिंग घेऊन येते. ती केबल बॉक्समधून काढली आणि हम थांबला, तर केबलवर बसणारा आयसोलेटर घ्या, पण तो डिशच्या सिग्नलसाठीचा आहे का आणि छत्रीला जाणारा डीसी पुरवठा जाऊ देतो का, हे विचारून घ्या.

सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा आणि त्या बोर्डावर फ्रिज किंवा पंख्याचा रेग्युलेटर नको. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजा: २-३ व्होल्टपर्यंत ठीक. फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या जवळ न येता मधलाच काहीतरी आकडा आला तर घराचं अर्थिंग तुटलेलं आहे. मग संगीत राहू द्या, आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघर वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे. अ‍ॅम्पसाठी प्युअर साइन वेव्हच हवा.

प्रश्न: पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते, आणि जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम हात लावताच पिठासारखा पडला. (रत्नागिरी)

उत्तर: एलपी धुता येतात. ८०० मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या लिक्विड सोपचे तीन-चार थेंब. डिस्टिल्ड वॉटरची नवी, सीलबंद बाटली घ्या. नळाचं पाणी सुकल्यावर खाचेत क्षार ठेवतं. लेबलवर पाणी जाऊ न देता मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये फक्त कडा टेकतील अशा उभ्या करून पंख्याखाली सुकवा. उन्हात ठेवल्या तर वाकतील. बुरशी आलेलं कागदी इनर परत वापरू नका, नवं अँटिस्टॅटिक पॉलिथिनचं घ्या, नाहीतर आठवडाभरात बुरशी परत येते.

७८च्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलात विरघळते. साबणाचा एखादा थेंब घातलेलं डिस्टिल्ड वॉटर, झटपट पुसणं, लगेच कोरडं करणं.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून नको. रेकॉर्ड उभ्या, तिरप्या न होता, पण कोंबून न भरता ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आत ठेवा आणि काटा ६०च्या खाली राहील असं बघा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले तर परत निळे होतात. कपाटात दिवा लावायची पद्धत कोकणात आहे. ती चांगली आहे, मात्र दिवा सर्वांत खालच्या रिकाम्या कप्प्यात, १५ वॉटचा, जुन्या तारेचा. एलईडी दिव्याने पुरेशी ऊब मिळत नाही.

फोमचं म्हणाल तर दमट हवेत पॉलियुरेथेनचं विघटन होतंच, त्यात तुमची काही हयगय नाही. स्पीकर टाकू नका. कोनाचा आणि बास्केटचा (बाहेरच्या धातूच्या चौकटीचा) व्यास मोजून नवं सराउंड, म्हणजे कोनाभोवतीची कडा, मागवा. किनाऱ्यावर रबरी सराउंड जास्त टिकतं. ते जड असल्याने बास थोडा बदलतो, तरी समुद्राकाठी आम्ही तेच सुचवू. जुना गोंद आयसोप्रोपिलने भिजवून काढा आणि चिकटवताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजत ठेवा. कोनामागची तारेची व्हॉइस कॉइल मध्यावर नसेल तर घासल्याची खरखर लगेच ऐकू येते.

प्रश्न: न्यू जर्सीहून कायमचे पुण्याला परत येतोय. तिथला रिसीव्हर आणि बेल्टचा टर्नटेबल आणावा का? (सध्या एडिसन)

उत्तर: रिसीव्हरच्या मागे व्होल्टेज बदलायचा खटका आहे का, आधी बघा. नसेल आणि फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. मागे ३०० वॉट लिहिले असतील तर ५०० व्हीएचा घ्या.

टर्नटेबलचं कोडं ट्रान्सफॉर्मरने सुटत नाही. त्याची मोटर थेट विजेच्या कंपनसंख्येवर चालणारी असेल तर ६०ऐवजी ५० हर्ट्झवर ३३⅓ फेऱ्यांच्या २७.८ होतात. हे ६:५चं प्रमाण, म्हणजे कोमल गंधाराच्या जागी षड्ज लागतो, सगळी मैफल तेवढी खाली उतरते. कंपनीकडून ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तरच आणा. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हच्या टर्नटेबलला ही अडचण येत नाही.

रेडिओ ऐकणार असाल तर आणखी एक. अमेरिकेतले डिजिटल ट्यूनर बहुधा ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्याने, १००.९ आणि १०१.१ असेच थांबतात. पुण्याची विविध भारती १०१.० वर आहे. ट्यूनरला टप्पा बदलायची सोय आहे का हे मॅन्युअलमध्ये पाहूनच सामानात घ्या.

प्रश्न: माळ्यावर ऐंशीच्या दशकातला भारतीय बनावटीचा अ‍ॅम्प सापडला. वीस वर्षं बंद आहे. सरळ प्लग लावू का? (पुणे)

उत्तर: सरळ नको. सुकलेल्या कपॅसिटरना एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात. टापकीर गल्लीतून एक होल्डर आणि तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब आणा आणि अ‍ॅम्पच्या फेजमध्ये सिरीजला लावा. स्पीकर जोडू नका. स्विच टाकल्यावर बल्ब लख्ख पेटून हळूहळू मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. झाकण उघडलंत तर बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये दाब शिल्लक असतो, हे विसरू नका. १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर टोकांवर काही सेकंद धरून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा. विजेचं काम हाताखालचं नसेल तर इथून पुढे तंत्रज्ञाकडे द्या.

बल्ब मंद झाला तर तो काढून अ‍ॅम्प थेट लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडता येईल. व्होल्टमध्ये आकडा आला तर व्हॉइस कॉइल जळेल. त्या काळच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो. तिथे सुरुवातीला आकडा वर दिसतो आणि सावकाश उतरतो, तेव्हा मिनिटभर थांबून वाचा.

मोठे फिल्टर कपॅसिटर बदलाच. तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढेच किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचे. दुप्पट-तिप्पट मोठे बसवले तर चालू करताना रेक्टिफायरवर ताण येतो. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमच्या खटक्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवा. डब्ल्यूडी-४० मारू नका, धूळ धरून बसतो. मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर डिन-टू-आरसीए वायर करून घ्या: पिन २ ग्राउंड, ३ डावा, ५ उजवा. १ आणि ४ टेपवर मुद्रणासाठी बाहेर जाणाऱ्या आहेत, फोन किंवा सीडी प्लेअर त्यांना जोडलात तर काहीच वाजणार नाही.